गियरबॉक्समधला भुसा

मुलुंड,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

बाळाकाका,

वर 'तीर्थरूप' नाही. विसरले नाही, मुद्दाम गाळलंय.

सकाळपासून तुम्हाला सात फोन केले. सातवा उचललात आणि माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणालात, "रागान बोलतंस गो. रागाचा काय आसात ता लिवन धाड, फोनवर नको." आणि ठेवून दिलात. चौतीस वर्षं टपाल खात्यात काढलीत म्हणून पुतणीने चिडायचं तेही तिकीट लावून? ठीक आहे. लावते तिकीट.

दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधून तुम्ही तुमची फियाट मला दिलीत. "डोळे आता साथ देत नाहीत. तुझ्या बापाने सांभाळलेली गाडी आहे, त्याच्या लेकीकडेच जाऊ दे," म्हणालात. बोरिवलीत, तुमच्या बाभईच्या अख्ख्या गल्लीसमोर म्हणालात, "एक्कावन्न वर्षांची म्हातारी, पण गियर बघ, मक्खन!" मी रडले होते काका. बाबांना जाऊन पावणेतीन वर्षं झाली, त्यानंतर पहिल्यांदा चारचौघांत रडले होते.

मक्खन कुठून आलं ते आज कळलं.

घोडबंदरवरून घरी आणतानाच तिसऱ्या गियरवर बारीक रडका सूर येत होता. वाटलं, तेल जुनं झालं असेल. बाबांनी मला कधी पाना हातात धरू दिला नाही. "तू अभ्यास कर, हात काळे करायला मी आहे," हे ऐकतच मोठी झाले. आता मी घाटकोपरच्या हॉस्पिटलात दिवसभर लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढते, मग स्वतःच्या गाडीचं पोट उघडायला काय झालं? बाबांचं बंद गॅरेज उघडलं. दहा व्हिडिओ बघून ठेवले होते. तेल पातळ व्हावं म्हणून गाडी थोडी फिरवून आणली, मग चारही बाजूंनी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवली. आधी बाजूचा नट सोडवला, जिथून नवं तेल भरतात तो. तोच अडकला आणि खालून सगळं सांडून बसलं तर गाडी जागची हलायची नाही, एवढं मला कळतं. दोन्ही नटांवर बाबांची हिरवी रेघ होती. काम झालं की ते नटावरून बाजूच्या लोखंडावर अशी रंगाची रेघ ओढायचे, पुढे कोणी नट फिरवला तर ती तुटलेली दिसावी म्हणून. त्या रेघेवर पाना लावायच्या आधी मी हात पुसून घेतले.

मग खालचा नट सोडला. तेल धो धो यायला हवं होतं. आलं ते नाचणीच्या आंबिलीसारखं, गोळे गोळे. मला वाटलं पितळ झिजलंय. बाबांच्या जुन्या बनियनमधून गाळलं, वर्तमानपत्रावर पसरलं, वाळल्यावर चिमटीत चोळलं. लाकूड! भुसा आहे तो काका, लाकडाचा भुसा!

झिजलेल्या गियरचा आवाज दाबायला गाडी खपवणारे भामटे गियरबॉक्समध्ये भुसा टाकतात. हे मला बाबांमुळेच माहीत. अशी गाडी गॅरेजला आली की ते मालकाला समोर उभं करून शिव्या घालायचे. आणि तुम्ही? स्वतःच्या पुतणीला? वर बाबांची नक्कल करून तशीच हिरवी रेघ ओढलीत, म्हणजे मला संशय यायला नको. भुशापेक्षा ती रेघ जास्त लागली मला.

शनिवारी २९ तारखेला सरकारमान्य भंगारवाला गाडी ओढून न्यायला येतोय. तुकडे होऊन जाईल तुमचं मक्खन. काही म्हणणं असेल तर त्याआधी कळवा. लेखी कळवा, तुमचीच हौस.

रुचिरा


बोरिवली,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. रुचिरा हीस,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद रागातही देतात, शिकून ठेव.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तीन दिवस उशाशी होतं. चार वेळा वाचलं.

भुसा मीच टाकला. गणपतीच्या दिवसांत. सुताराकडून पिशवीभर आणला, बॉनेट उघडलं आणि ओतला. गाडी कुरकुरायला लागली होती आणि मला तुझ्यासमोर नाक कापून घ्यायचं नव्हतं. रेघही मीच ओढली. झालं समाधान?

पण माझ्याशी ही भाषा करायची नाही. लाखो पत्रं माझ्या हाताखालून गेली, 'भामटा' म्हणून मला आजवर कोणी लिहिलं नव्हतं. आणि दादाचं नाव ह्यात आणायचं नाही. मुलुंड-भांडुपात कोणालाही विचार, गाडी दादाच्या हातात दिली की माणूस निर्धास्त व्हायचा. दादाचं नाव आहे तसं राहू दे. त्याला मध्ये ओढायचं नाही म्हणजे नाही.

राहिली गाडी. तुझे आजोबा ज्या डॉक्टरसाहेबांकडे ड्रायव्हर होते त्यांनी परदेशी जाताना ती आजोबांना दिली. आजोबांच्या माघारी घरात दोनच गोष्टी होत्या, गॅरेजची जागा आणि ही फियाट. वाटणीत दादाला जागा गेली, मला गाडी आली. एकतीस वर्षं मी तिला दारात लेकीसारखी ठेवली. दे भंगारात. माझ्यावरचा राग लोखंडावर काढायचा असेल तर काढ. मला पुन्हा पत्र पाठवू नकोस.

बाळाकाका


मुलुंड,
१७ नोव्हेंबर २०२५

काका,

पाठवू नकोस म्हणालात म्हणूनच पाठवतेय.

बॉनेट उघडलंत? बॉनेटखाली इंजिन असतं काका. गियरबॉक्स मागे, गाडीच्या पोटाखाली. त्याचं तोंड बाजूला, पाठीवर झोपून सरकत गेल्याशिवाय हाताला लागत नाही. तुमचे गुडघे तुम्हाला देवघरासमोर बसू देत नाहीत, आणि तुम्ही म्हणे गणपतीत हे उद्योग केलेत! आणि पिशवीभर? त्या गियरबॉक्समध्ये जेमतेम तांब्याभर तेल मावतं. पिशवीभर भुसा तुम्ही खरंच बॉनेट उघडून कुठे ओतला असतात, तर गाडी दसऱ्याला तोरण बांधायलासुद्धा दारापर्यंत आली नसती.

म्हणजे तुम्ही तो नट जन्मात पाहिलेला नाही.

आणखी एक. वर्तमानपत्रावरचा भुसा मी फेकलेला नाही. आज पुन्हा नीट पाहिला. काही कण काळेकुट्ट, बोटाने दाबले की विरघळतात. काही अजून तांबूस आहेत. हा एका वेळेला टाकलेला भुसा नाही. कोणीतरी पुन्हा पुन्हा टाकलाय, वर्षानुवर्षं.

कोणाला पाठीशी घालताय? बोरिवलीतला कोणी मेकॅनिक? नाव सांगा, मी स्वतः जाऊन त्याची गचांडी धरते. मला खोट्या कबुल्या नकोत. तुमच्यावर चिडायला मला सोपं जावं म्हणून तुम्ही पुढे झालात की काय?

आणि बाबांचं नाव ह्यात आणायचं नाही, असं तुम्ही फिरवून फिरवून लिहिलंत. मी कुठे आणलं होतं? मी तर तुमच्यावर चिडले होते. तुम्ही लिहिल्यापासून गॅरेजात गेले की माझी नजर बाबांच्या फोटोकडे जाते आणि मी ती वळवते. मला भलतंसलतं डोक्यात आणायचं नाहीये. ते तुम्ही आणताय, त्याचा मला भयंकर राग येतोय.

रेघ कोणी ओढली? एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या, नाहीतर २९ला गाडी जाईल.

रुचिरा

ता. क. तुमचं पत्र टीव्हीवर ठेवलं होतं. आईने ते वाचलं आणि आत जाऊन दार लावून बसली. विचारलं तर म्हणते, डोकं दुखतंय.


मुलुंड,
२० नोव्हेंबर २०२५

बाळाभावोजींना विमलाचा नमस्कार.

भावोजी, खोटं बोलायचं तर आधी शिकून घ्यायचं होतंत. तुम्हाला कधी स्कूटरची किक धड मारता आली नाही, आणि तुम्ही गियरबॉक्समध्ये भुसा टाकणार!

भुसा माझा होता.

चौऱ्याण्णव साली आपण भुशाच्या शेगडीवर स्वयंपाक करत होतो, आठवतं ना? वखारीतून गोण आणून मोरीशेजारी ठेवायची. वाटणीचं ठरलं त्या आठवड्यात एका दुपारी हे गॅरेजातून घरी आले आणि म्हणाले, "दोन ओंजळी भुसो दी. बारीक चाळून दी." मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, गाडीचे गियर ओरडतात. बाळ्याने आवाज ऐकला तर म्हणेल, गाडी नको, मला अर्धी जागा दे. अर्ध्या जागेत कसलं गॅरेज आणि खायचं काय? रुचिरा तेव्हा वर्षाची होती, माझ्या कडेवर होती. मी तिला खाली ठेवलं, पिठाची चाळणी घेतली आणि भुसा चाळून दिला. नंतर ती चाळणी मी पिठाला लावली नाही, नवी आणली. एवढंच काय ते माझ्या मनाला लागलं तेव्हा.

मग दर दिवाळीच्या आधी हे तुमच्याकडे यायचे. तुम्हाला वाटायचं, भाऊ गाडी तपासायला येतो. ह्यांच्या पिशवीत तो डबा असायचा. घरात गॅस आला, शेगडी गेली, तरी वखारीतून मूठभर भुसा मागून आणायचे. मी म्हणायचे, एकदा सांगून मोकळे व्हा, नवे गियर बसवून द्या त्यांना. म्हणायचे, पुढच्या दिवाळीला सांगतो. हॉस्पिटलात होते तेव्हाही राहून गेल्याचं तेच चाललं होतं, "बाळ्याच्या गाडीचा रवला."

मला कोणाचा राग येतो सांगू? त्यांचा येतो. माझा येतो. आणि आता तुमचाही येतो. मी एकतीस वर्षं तोंड शिवून बसले ती नवऱ्यासाठी. तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझ्या पोरीला आणखी एक खोटं पाजायला? तुम्हाला वाटलं असेल, केवढे उपकार केले. आमची लाज झाकायला आम्ही तुम्हाला बोलावलं नव्हतं.

हे पत्र बंद करायच्या आधी मी रुचिराला वाचायला दिलं. तिने वाचलं, घडी घातली, परत दिलं. ताटातली भाकरी तशीच आहे.

विमला


मुलुंड,
२१ नोव्हेंबर २०२५

काका,

'भामटा' शब्द परत घेते. राग परत घेत नाही.

तुम्हाला माझ्याच पत्रातून कळलं ना? रेघेबद्दल वाचून? ती रेघ बाबांशिवाय कोणी ओढू शकत नाही, हे तुम्हाला पहिल्या वाचनात कळलं आणि मला लिहूनही कळलं नाही. मी तुमच्या भावाचं पाप तुमच्याच तोंडावर फेकलं, आणि तुम्ही 'मीच टाकला' म्हणून मोकळे झालात. कोणासाठी? माझ्यासाठी? मी बत्तीस वर्षांची बाई आहे काका. रोज लोकांना त्यांची मोडलेली हाडं दाखवते. बाबा खोटं वागले हे मला सोसेल. पण म्हणून खोटे बाबा भिंतीवर टांगून त्यांना हार घालायचा? ते मला नकोय.

फोटो काढला. परत लावला. परत काढला. आता बाकड्यावर पालथा आहे आणि हार कुठे ठेवायचा ते मला कळत नाहीये.

ज्या माणसाने भुशावरून गिऱ्हाइकांची अब्रू काढली तो माणूस दर दिवाळीला डबा घेऊन तुमच्याकडे जात होता. मला पाना का धरू दिला नाही तेही आता कळलं. मी शिकले असते तर कधी ना कधी हा नट उघडलाच असता! आणि मी मैत्रिणींना सांगत फिरायचे, बाबा मला किती जपतात म्हणून.

आईशी आज सकाळी बोलले. बोलले म्हणजे ओरडले. ती म्हणाली, ओरड, मी ऐकते. मग मला पुढे ओरडता येईना.

आता गाडीचं. ती तुमच्या वाटणीची, आणि तुम्हाला ती खोटी मिळाली. त्यामुळे ती ठेवायची की मोडायची हे मी ठरवणार नाही. भंगारवाल्याला मी अजून नाही म्हटलेलं नाही. तुम्ही सांगा, आणि 'तुला योग्य वाटेल ते कर' असलं गुळमुळीत काही लिहू नका.

आणि कृपा करून एकदा तरी बाबांवर चिडा. फसवलं तुम्हाला, आणि चिडतेय मी एकटी. एवढं होऊनही 'दादाचं नाव राहू दे' असंच म्हणणार असाल, तर मला तुमच्याशी काही बोलायचं नाही, फोनवर नाही आणि पत्रातही नाही.

रुचिरा


बोरिवली,
२५ नोव्हेंबर २०२५

चि. रुचिरा,

भंगारवाल्याला पत्र मिळताच नाही सांग. इथला मेकॅनिक सांगतो तसा गियरबॉक्स पातळ तेलाने दोनदा धुऊन काढ, मग साधं गियरचं तेल भर. दुसरं काही घालू नकोस. आणि रविवारी गाडी घेऊन इकडे ये.

खालचं पत्र तुझ्यासाठी नाही. फोटो सरळ कर, वहिनीला शेजारी बसव आणि त्याला मोठ्याने वाचून दाखव. चिडा म्हणालीस ना? वाच आता.

दादा,

आपण दोघे भांडायचो ते मालवणीत. तुझ्या लेकीला वाचायला सोपं जावं म्हणून असं लिहितोय. शिव्या तेवढ्या मालवणीतल्या समज. तुला येत होत्या त्या सगळ्या, आणि मला टपाल खात्यात शिकायला मिळाल्या त्याही.

तू मला फसवलंस. वाटणीच्या दिवशी किल्ली हातात देताना म्हणालास, "गियरबॉक्साक कोणाक हात लावूक दिव नको हां बाळ्या. मीच बघीन." मी ते देवाच्या शपथेसारखं पाळलं. इथले मेकॅनिक म्हणायचे, काका, गियरचं तेल बदलून घ्या. मी त्यांना हाकलून द्यायचो. माझा भाऊ बघतो, म्हणायचो. छाती फुगवून म्हणायचो रे! लोक गालात हसत असतील.

वर्षातून तू एक सकाळ माझ्याकडे यायचास. मी आदल्या दिवशी गाडीखालची जागा झाडून चटई घालून ठेवायचो. तुझी भावजय बांगड्याचं तिखलं करायची. तू गाडीखालून निघायचास, हात धुवायचास आणि न जेवता जायचास. दर वर्षी. मला वाटायचं, दादाच्या मनात माझ्याबद्दल काहीतरी आहे. वाटणीच्या वेळी मी काय वेडंवाकडं बोललो ते आठवत बसायचो. एकोणतीस दिवाळ्या मी माझी चूक शोधली, दादा. तुला लाज वाटत होती होय मेल्या? मग ती सांगायला काय धाड भरली होती?

आणि हे सगळं जागेसाठी! तू एकदा नुसतं म्हणायचंस, बाळ्या, गियर ओरडतो, पोर लहान आहे, जागा मला राहू दे. मी ओरडणारी गाडी घेऊन चालता झालो असतो. मला सरकारी नोकरी होती. ती जागा घेऊन मी तिथे काय पोस्टाची तिकिटं विकणार होतो? तू मला विचारलंसच नाही. बाळ्या नाही म्हणेल, असं तू आधीच ठरवून टाकलंस. भुशाचं मी एक वेळ सोडून देईन. हे सोडणार नाही.

रुचिराला 'मीच टाकला' म्हणून लिहिलं ते तुझ्यासाठी नव्हतं. तेवढं प्रेम त्या वेळी माझ्यात उरलं नव्हतं. पोरीला भिंतीवर बाप राहावा म्हणून लिहिलं. पण पोरगी तुझ्या-माझ्यापेक्षा खमकी निघाली. तिने माझं खोटं एका बॉनेटवरून पकडलं. तिला पाना दिला असतास तर तुझं गॅरेज आज बंद पडलं नसतं, हेही ऐकून ठेव.

रविवारी ती गाडी घेऊन येईल. तिसऱ्या गियरवर गाडी ओरडेल. ओरडू दे. मी शेजारी बसून ऐकणार आहे.

तीन दिवस पत्र उशाशी घेऊन पडलो होतो ते का, माहीत आहे? तुझ्याशी भांडायचं होतं आणि भांडायला तू नव्हतास. असतास तर, धाकटा असलो तरी, दारातच तुझ्या थोबाडीत मारली असती, आणि मग हाताला धरून ताटावर बसवलं असतं. आता दोन्ही राहिलं.

बाळा